पुड्या चुलीत टाकल्या आणि अण्णांचं अंग पेटलं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं माहेर सांगली जिल्ह्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, ५८ वर्षांचे. ऊस आणि थोडं सोयाबीन करतात. सोळा वर्षांपासून त्यांना सोरायसिस (कातडीवर लाल चट्टे येऊन पापुद्रे गळतात तो आजार) आहे, पण तो कोपरं, गुडघे आणि डोकं एवढ्यावरच असायचा. चार वर्षांपूर्वी एका पाहुण्यांनी दोन तालुके ओलांडून एका माणसाचा पत्ता दिला. तो पांढरट पावडरीच्या पुड्या देतो, सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायच्या. आठ दिवसांत अंग लख्ख झालं. तेव्हापासून भाऊ दर महिन्याला गाडीवरून पुड्या आणायचा. हळूहळू अण्णांचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं, साखर निघाली, जरा धक्का लागला की कातडीवर काळंनिळं पडायचं. यंदा दिवाळीला गेले तेव्हा मोबाईलवर वाचलं की असल्या पुड्यांत स्टेरॉइड असतं. रागाच्या भरात मी डबाच चुलीत रिकामा केला. बाराव्या दिवशी अण्णांना हुडहुडी भरून ताप आला. अंग लालबुंद, त्यावर खसखशीएवढ्या पिवळट पुळ्या, पाठीवर तर त्या एकमेकींत मिसळून पूवाची डबकी झाली. गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून इंजेक्शनं दिली, उतार पडेना. शेवटी सरकारी रुग्णालयात १९ दिवस काढले. आता घरी आहेत. सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी आणि रोज सकाळी दुसरी एक गोळी आहे, ती दुसरी कमी करत आणायची आहे. कार्डावर ‘जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस, फॉन झुंबुश’ असं लिहिलंय. भाऊ माझ्याशी बोलत नाही, तूच केलंस म्हणतो. आईनं अण्णांचं ताट-तांब्या वेगळं काढलंय. माझ्याही कानामागे आणि केसांत दोन वर्षांपासून एक चट्टा आहे आणि आम्ही आता बाळाचा विचार करतोय. हे माझ्यामुळे झालं का? पुन्हा होईल का? मला होईल का?

उत्तर :

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

पुड्या एकाएकी बंद झाल्या म्हणून हा भडका उडाला, हे जवळजवळ नक्की. गोल झालेला चेहरा, सुटलेलं पोट, नव्यानं निघालेली साखर, धक्क्यासरशी पडणारे काळेनिळे डाग ही सगळी पोटात गेलेल्या स्टेरॉइडची खूण आहे. ते थांबल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आणि पुळ्या आल्या. त्वचारोगाच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हा घटनाक्रम सांगा, तो वाक्य पुरं व्हायच्या आत मान डोलवेल. ‘छे, तुमचा काही संबंध नाही’ असं मी लिहिलं असतं, तर तुम्ही त्यावर विश्वास ठेवला नसता. ठेवूही नये.

पण आता भावाच्या वाक्याकडे येऊ. तुम्ही सांगलीकडच्या. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, ही बातमी तुमच्याकडे जेवताजेवताही ऐकतात. स्टेरॉइडची गोळी म्हणजे ते दरवाजे. ती सोरायसिस बरा करत नाही, अडवून धरते. दरवाजे बंद केले म्हणून वरचा पाऊस थांबत नाही. चार वर्षं पाणी साठत होतं आणि खाली नदी कोरडी दिसत होती, म्हणून सगळे खूश होते. ज्या माणसानं दरवाजे लावले, त्यानं आत किती पाणी आहे हे कुणाला सांगितलं नाही. दरवाजे लावलेत हेसुद्धा सांगितलं नाही. विसर्ग टप्प्याटप्प्यानं करायचा असतो, हे तुम्हाला कसं कळावं? तुम्हाला वाटत होतं तुम्ही नळ बंद करताय.

आणि त्या पुड्या कधीतरी थांबणारच होत्या. पैसे संपले असते, तो माणूस गाव सोडून गेला असता, २०२० सारखी टाळेबंदी लागली असती, किंवा अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं असतं आणि ‘चार दिवस बाकीची औषधं बंद’ असं कुणी सांगितलं असतं. हात दुसऱ्या कुणाचा असता, बारावा दिवस हाच असता. त्या दिवशी तुम्ही डबा चुलीत न टाकता पिशवीत घालून अण्णांसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे नेला असता, तर कदाचित बरंच टळलं असतं. तुमची चूक एवढीच आहे. तिला तिच्या मापाएवढीच ठेवा.

हे वाचून एक उलटी गोष्ट कुणी करू नये म्हणून इथेच लिहिते. अण्णांना रोज सकाळी जी कमी होत जाणारी गोळी दिली आहे, ती बहुधा स्टेरॉइडच आहे. ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून तीही चुलीत टाकू नका! स्टेरॉइड बाहेरून वर्षानुवर्षं मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल नावाच्या दोन ग्रंथी ते काम करतात. त्या चार वर्षं झोपलेल्या आहेत. गोळी अचानक थांबली तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं, आणि त्यानं माणूस दगावू शकतो. ग्रंथी जाग्या झाल्या की नाही, हे सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून कळतं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. तोवर ताप-जुलाब-उलट्या झाल्या किंवा कुठलं ऑपरेशन निघालं, तर ‘यांना चार वर्षं स्टेरॉइड चालू होतं’ हे पहिलं वाक्य असायला हवं.

आता ते कार्डावरचं परदेशी नाव. जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस म्हणजे अंगभर पूवाच्या पुळ्या येणारा सोरायसिस. लिओ फॉन झुंबुश या डॉक्टरनं १९१० मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. आजार परदेशी नाही, पण विरळा आहे. भारतात साधा सोरायसिस वेगवेगळ्या पाहण्यांत ०.४४ ते २.८ टक्के लोकांत आढळला आहे, म्हणजे गावोगाव आहे. हा पुळ्यांचा प्रकार मात्र जपानमधल्या पाहणीत दहा लाखांमागे साधारण साडेसात, फ्रान्समध्ये दोनाहूनही कमी. गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून इंजेक्शनं दिली यात मला नवल वाटत नाही. ताप, पू आणि रक्तात वाढलेल्या पांढऱ्या पेशी पाहिल्यावर कुणाचाही हात आधी अँटिबायोटिककडेच जातो. शिवाय काही औषधांच्या ॲलर्जीनं हुबेहूब अशाच पुळ्या येतात. म्हणूनच रुग्णालयात कातडीचा तुकडा काढून तपासतात.

त्या पुळ्यांत जंतू नव्हते. तो पू म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या आपल्याच पांढऱ्या पेशींचा ढीग. कातडीला इजा झाली की तिथे आयएल-३६ नावाचं रसायन धोक्याची घंटा वाजवतं आणि या पेशी धावून येतात. काम झालं की घंटा बंद करणारं दुसरं रसायन असतं. काहींच्या अंगात जन्मतःच हे घंटा बंद करणारं रसायन नीट बनत नाही. त्यामागचं जनुक २०११ मध्ये सापडलं, ट्युनिशियातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून. तिथे जवळच्या नात्यात लग्नं झालेली होती आणि एकाच घरात अनेकांना हा आजार होता. त्या शोधामुळेच नेमकी ती घंटा दाबून धरणारं स्पेसोलिमॅब हे शिरेतून द्यायचं औषध आलं. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. अण्णा सध्याच्या औषधांवर सावरतायत, तेव्हा त्याच्या मागे धावायची आज गरज नाही. पण नाव वहीत लिहून ठेवा.

म्हणजे धोका दोन थरांत आहे. खालचा थर जन्मानं आलेला, आपल्या हातात नसलेला. वरचा थर निमित्तांचा. ज्यांना या जनुकातला दोष असतो, त्यांना हा आजार बहुधा लहान वयात, आधी साधा सोरायसिस नसतानाही होतो. अण्णांना चाळिशीत साधा सोरायसिस झाला आणि ५८ व्या वर्षी, स्टेरॉइड तुटल्यावर, पुळ्या आल्या. त्यांच्या बाबतीत निमित्ताचं पारडं जड वाटतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी हे लक्षात ठेवा.

निमित्तांत पहिला नंबर स्टेरॉइडचाच, आणि तो फक्त पुड्यांतून येतो असं नाही. गजकर्णासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी तीन-चार औषधांची मिसळ असलेली मलमं, त्यातलं क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड. सांधेदुखीसाठी ‘ताकदीचं’ म्हणून दिलेलं इंजेक्शन. दम्यासाठी सुरू झालेल्या गोळ्या, ज्या बरं वाटलं की पेशंट स्वतःच बंद करतो. सोरायसिस असलेल्या माणसाला यातलं काहीही पोटातून किंवा इंजेक्शनातून मिळून तुटलं, किंवा तीव्र मलम अंगभर महिनोन्‌महिने लावून थांबवलं, तर धोका तोच. दम्यात किंवा दुसऱ्या गंभीर आजारात स्टेरॉइड खरोखर जीव वाचवतं, तेव्हा ते नाकारू नका. देणाऱ्याला सोरायसिसचं सांगा, आणि थांबवायचं कसं हे तिथेच विचारून घ्या.

पुड्यांबद्दल मला एक विचारतात: ‘मॅडम, तुमचा आयुर्वेदावर राग आहे का?’ नाही. माझ्या ओळखीचे चांगले वैद्य आहेत आणि ते औषधाचं नाव कागदावर लिहून देतात. ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही, ती कुठल्याच शास्त्राची नाही. खरं तर सोळा वर्षांचा सोरायसिस आठ दिवसांत लख्ख होतो, तेव्हाच शंका यायला हवी. सोरायसिसमध्ये कातडीचा जो थर साधारण महिनाभरात बनून गळायचा, तो तीन-पाच दिवसांत बनतो. ही घाई शांत करायला प्रामाणिक औषधांना आठवडे लागतात.

दुसरं निमित्त जंतुसंसर्गाचं. घसा बसणं, टॉन्सिल, दाताचं गळू. तुम्ही म्हणाल, घसा कुणाला बसत नाही? बरोबर, पण अण्णांना आता घशाकडे ‘होईल बरा’ म्हणून पाहता येणार नाही, कारण एकीकडे संसर्गानं आजार चाळवतो आणि दुसरीकडे औषधांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे.

तिसरं औषधांचं. मानसिक आजारातलं लिथियम, मलेरियात आणि सांधेदुखीत वापरतात ती क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या यांनी सोरायसिस चिघळल्याचं आपण अनेकदा पाहतो. गजकर्णाच्या टर्बिनाफिन गोळीनंतर आणि काहींना अमॉक्सिसिलिननंतर पुळ्या आल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे चिकुनगुनियाची साथ आली की सांधे धरलेल्या माणसाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळणं अगदी सहज घडतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. यादी पाठ करू नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो अण्णांच्या आणि भावाच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि नवी गोळी देणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. यातली एखादी गोळी अण्णांना आधीपासून चालू असेल तर तीही स्वतःहून बंद करू नका. बंद करण्याचा अनुभव पुरेसा झालाय.

एक कमी ठाऊक असलेलं निमित्त म्हणजे रक्तातलं कमी कॅल्शियम. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी झाल्या की कॅल्शियम घसरतं, आणि त्यातून हाच पुळ्यांचा आजार उभा राहिलेला आहे. तिथे कॅल्शियम भरून काढलं की पुळ्याही ओसरतात. हे अण्णांचं कारण वाटत नाही, पण एका साध्या रक्ततपासणीत कळतं.

बाकी दारू, बिडी-सिगारेट, वाढलेलं वजन, मनावरचा ताण. हे शब्द ऐकून लोकांचे कान मिटतात, म्हणून लांबवत नाही. दारूबद्दल मात्र थांबते. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मुली सहसा लिहीत नाहीत. अण्णा घेत असतील, सणासुदीला का होईना, तर मेथोट्रेक्सेट देणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असायलाच हवं. ते औषध आणि दारू दोघंही यकृतावरच बसतात.

मेथोट्रेक्सेटबद्दल आणखी सांगायचंय, कारण पुढचा अपघात घडलाच तर तो इथे घडेल अशी मला भीती वाटते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्या घरात औषध म्हणजे रोज, ही सवय इतकी मुरलेली आहे की कुणीतरी मायेपोटी ती रोज देतं. आठवडाभर रोज गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, जीवावर बेततं. मी पाहिलेल्या एका आजोबांना सूनबाई ‘बीपीच्या गोळीबरोबर’ रोज देत होती, नऊ दिवस. वाचले, पण थोडक्यात. म्हणून वार ठरवा. समजा बुधवार. पाकिटावर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘फक्त बुधवार’ लिहा आणि ते बाकीच्या औषधांच्या डब्यात ठेवूच नका. बरोबर दिलेलं फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी असतं, तेही वारानिशी लिहून ठेवा. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणायची नाही. सल्फाच्या काही गोळ्या मेथोट्रेक्सेटबरोबर विषासारख्या ठरतात. तोंड आलं, ताप आला, कोरडा खोकला-दम सुरू झाला, अंगावर आपोआप काळंनिळं पडायला लागलं, तर मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रक्ताच्या तपासण्या सांगतील तेव्हा करायच्या, ‘बरे दिसतायत’ म्हणून टाळायच्या नाहीत. आणि ताई, तुम्ही बाळाचा विचार करताय, तेव्हा ती गोळी फोडून-कुटून द्यायचं काम तुम्ही करू नका. ते भावाला द्या.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. या आजाराचा स्वभाव उठण्याचा आणि निवण्याचा आहे. काहींना वर्षानुवर्षं परत येत नाही, काहींना वर्षात दोनदा येतो. शिवाय त्याची एक जुळी बहीण आहे, तिलाही ओळखून ठेवा. तिच्यात पुळ्या नसतात, पण सोरायसिस पसरून जवळजवळ सगळं अंग, शंभरातलं नव्वद टक्के, लाल होतं आणि पापुद्रे गळायला लागतात. एरिथ्रोडर्मिक सोरायसिस म्हणतात. निमित्तं बहुतेक हीच. दोन्हींत कातडी नावाचं आपलं छप्पर उडालेलं असतं. आतलं पाणी, मीठ, प्रथिनं, ऊब सगळं बाहेर जातं आणि बाहेरचे जंतू आत येतात. पायांवर सूज येते, हृदयावर भार पडतो. अण्णांना ताप असूनही थंडीनं कापरं भरत होतं, त्यात याचाही वाटा असेल.

म्हणून सकाळी अंघोळीच्या वेळी पाठ बघा. लाली एका दिवसात वाढली, लाल भाग दुखरा आणि गरम लागला, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या दिसल्या, थंडी वाजली, लघवी कमी झाली, पाय सुजले, बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा दम लागला, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. रात्री अकरा वाजता असेल तर रात्री अकरा वाजता, जिथे त्वचारोग विभाग आणि आयसीयू दोन्ही आहेत अशा ठिकाणी. गेल्या खेपेला तुमचे किती दिवस इंजेक्शनांत गेले, ते तुम्हाला माहीत आहे. खर्चाचा प्रश्न आला तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. कुठला खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो, हे तोच सांगू शकेल.

घरात काय करायचं? कमीत कमी. बंबाचं कडकडीत पाणी नको, कोमट. घासणी नको. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन, दिवसातून तीन-चार वेळा, हात आखडता न घेता. कडुलिंबाचा पाला, गोमूत्र, तुरटी, लिंबू, शेजारच्या काकूंचं करंजाचं तेल यातलं काहीही सध्या नको. साध्या सोरायसिसला चालणारं डांबराचं मलमसुद्धा खवळलेल्या कातडीवर आगीत तेल ठरतं. उन्हात बसल्यानं सोरायसिसला बरं वाटतं हे खरं, पण भाजेपर्यंत बसलं तर तेच निमित्त. उसाच्या फडात पाचट कापतं-ओरबाडतं, आणि सोरायसिस ओरखड्यावर उगवतो, तेव्हा या हंगामात अण्णांना बांधावर खुर्ची टाकून द्या. ते ऐकणार नाहीत, मला माहीत आहे.

आईंना सांगा, ताट परत एकत्र करा. हे आधी सांगायला हवं होतं खरं तर. सोरायसिस, साधा असो की पुळ्यांचा, शिवण्यानं, उष्ट्यानं, कपड्यानं, अंथरुणानं लागत नाही. पू दिसला तरी त्यात जंतू नव्हते, वर लिहिलंच आहे. हा महारोग नाही. तसं पाहिलं तर औषध सुरू झालेल्या महारोग्याचंही ताट वेगळं करायची गरज नसते, पण तो विषय पुन्हा कधी. चार वर्षांपूर्वी अण्णा त्या पुड्यांकडे वळले, त्यामागे लग्नाकार्यात लोकांच्या नजरा चुकवण्याचा कंटाळाही असेल. आता घरातच वेगळा तांब्या दिसला तर ते पुन्हा कुणाच्या तरी पुडीकडेच जातील.

आता तुम्ही.

पहिलं म्हणजे कानामागचं आणि केसांतलं ते सोरायसिसच आहे का, हे बघून घ्या. चिवट कोंडाही असाच दिसतो. सोरायसिस निघाला तरी दचकू नका. एका पालकाला असेल तर मुलांत शंभरातल्या साधारण चौदांना होतो. पण वारशानं येते ती साध्या सोरायसिसची प्रवृत्ती. अण्णांना जे झालं ते त्या प्रवृत्तीवर चार वर्षांच्या पुड्या आणि एक अचानक थांबणं यांतून झालं. कानामागचा चट्टा घेऊन तुम्ही त्या वाटेवर उभ्या आहात असं मला वाटत नाही. त्यावर मेडिकलमधलं तीव्र मलम स्वतःच्या मनानं लावत असाल, तर तेवढं सोडायचं आहे, तेही डॉक्टरांना विचारून.

गरोदरपणाबद्दल खरं ते सांगते. निम्म्याहून जास्त बायकांचा सोरायसिस पोटुशी असताना उलट शांत होतो आणि बाळंतपणानंतर डोकं वर काढतो. एक फार विरळा प्रकार मात्र आहे, ज्यात शेवटच्या तीन महिन्यांत अण्णांसारख्याच पुळ्या येतात. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रानं १८७२ मध्ये अशा पाच गरोदर स्त्रियांचं वर्णन केलं होतं, त्यातल्या चौघी दगावल्या. ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, सलाइनसुद्धा सर्रास दिलं जात नव्हतं तेव्हाची. आज वेळेत ओळखला तर आई सहसा वाचते. बाळावर बारीक लक्ष ठेवावं लागतं आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा येऊ शकतो. तुम्हाला तो होईल असं मी म्हणत नाही. बहुतेक होणार नाही. पण नाव नोंदवताना स्त्रीरोगतज्ज्ञांना वडिलांचं निदान याच शब्दांत सांगा आणि मांड्यांच्या सांध्यात, काखेत, बेंबीभोवती लाली आणि बारीक पुळ्या दिसल्या तर ‘गरोदरपणातली खाज’ म्हणून सोडू नका.

दिवस राहण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, नंतर नको. मेथोट्रेक्सेट बाळाला घातक आहे. सोरायसिसवरचीच ॲसिट्रेटिन नावाची गोळी तर बंद केल्यावरही तीन वर्षं बाळ होऊ द्यायचं नसतं, इतकी ती अंगात रेंगाळते. तुमच्यासारख्या एका चट्ट्याला या दोन्हींची गरज नसते. तरी कुणी लिहून दिलीच तर बाळाचा विषय तुम्हीच काढा.

राहिला भाऊ. ‘तूच केलंस’ म्हणतोय, पण चार वर्षं दर महिन्याला गाडी काढून पुड्या आणायला तोच जात होता, आणि रात्री झोपताना ते त्याला आठवत असणार. त्याच्या रागातला निम्मा राग त्याचा स्वतःवरच असेल. ते त्याला बोलून दाखवू नका. त्यानंही वडिलांना बरं वाटावं म्हणूनच केलं, तुमच्यासारखंच. त्याच्याकडे एखादी उरलेली पुडी, निदान तो कागद असेल तर मागून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. नसेल तर पुड्या कधी सुरू केल्या, दिवसाला किती, मध्ये कधी खंड पडला होता का, हे अण्णांपेक्षा त्यालाच जास्त नीट सांगता येईल. ग्रंथी किती काळ झोपलेल्या आहेत याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. पुढच्या तपासणीच्या दिवशी गाडी त्यालाच काढायला सांगा.